समेआधीचा खोकला

संगीताच्या शिक्षकाकडून विद्यार्थी काय शिकतात ते अभ्यासक्रमात छापलेलं असतं, आणि त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. साठच्या दशकात मी नागपूरला विद्यापीठाच्या संगीत विभागात तंतुवाद्यं शिकवायला लागलो आणि केस पिकून गळेपर्यंत तिथेच राहिलो. तंतुवाद्यं म्हणजे सतार, व्हायोलिन आणि दिलरुबा. कपाटावर एक सारंगीसुद्धा होती, पण ती उंदरांच्या ताब्यात असल्यामुळे तिचा अभ्यास तेच करत. माझ्या हाताखालून पुष्कळ पोरी आणि थोडी पोरं गेली. त्यांना मी यमन शिकवला, भैरव शिकवला, मींड कशी घ्यायची ते घसा कोरडा करून सांगितलं. त्यातलं किती टिकलं देव जाणे. पण मी कधीही न शिकवलेली एक गोष्ट सगळ्यांनी अगदी मन लावून उचलली, ती म्हणजे माझा खोकला.

तो कसा, हे सांगण्याआधी आमचा धंदा थोडा समजावून सांगतो, कारण आम्ही तिथे दिवसभर नेमकं काय करतो हे माझ्या सासऱ्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. 'जावई प्रोफेसर आहेत,' एवढं सांगून ते थांबत. कशाचे, असं कोणी विचारलं की पाण्याचा तांब्या पुढे करत.

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली 'मुलीला सतार येते' असं पाहण्याच्या कार्यक्रमात सांगता यावं म्हणून येत. वर्षाच्या मध्येच लग्न ठरे, मुलगी पेढे घेऊन येई, आणि सतार खोळ घालून सासरच्या कपाटावर चढे ती कायमची. एक हेडक्लार्क होते, कचेरीतून परवानगी काढून एम.ए.ला बसलेले. ते दर शनिवारी विचारत, 'सर, दरबारी किती टक्के झाला?' मीही गंभीरपणे सांगायचो, 'साठ.' ते समाधानानं मान हलवून सायकल काढत. पास झाले हो! चांगल्या मार्कांनी झाले.

तास चाळीस मिनिटांचा, आणि त्यातला अर्धा वाद्यं जुळवण्यात जाई. त्यात आमच्या गावचा उन्हाळा. एप्रिल लागला की लाकूड सुकून खुंट्या ढिल्या पडत. तार चढवावी आणि पाठ फिरवावी तर मागून 'टुंईं' करून खाली. मग खुंटीला खडू चोळायचा. फळ्याला जेवढा खडू लागला नाही तेवढा आमच्या खुंट्यांनी खाल्ला.

शिकवायची पद्धत मात्र विद्यापीठाची नव्हे, जुनीच होती. मी सतरंजीवर बसायचो, विद्यार्थी समोर. बाजूला तबल्यावर गुलाबराव. 'बघ आणि वाजव,' एवढाच मंत्र. विद्यार्थी बोटं बघतो, व्हायोलिनचा गज बघतो, आणि तोंडही बघतोच. आता सम म्हणजे काय ते सांगतो. तबल्यावर सोळा मात्रांचा फेरा सतत फिरत असतो. त्याची पहिली मात्रा म्हणजे सम. वाजवणारा कुठेही भटकून येवो, समेवर तो तबल्यासोबत हजर पाहिजे. चुकला तर ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही तोही चुळबुळ करतो. तर मला सुपारीचं व्यसन. घशात सदा कात अडकलेला. समेवर येण्याच्या अगदी आधी, शेवटच्या मात्रेवर, मी घसा साफ करायचो. 'ख्हं.' आणि सम. मला ठाऊकही नव्हतं.

ते मला कळलं एका परीक्षेत. आमच्याकडे तोंडी परीक्षेसारखीच वाजवण्याची परीक्षा असते आणि ती घ्यायला बाहेरगावाहून परीक्षक येतात. त्या वर्षी एक हिंदी भाषक बुजुर्ग आले होते, मोठे प्रेमळ. खोलीत वाळ्याचा कूलर लावलेला. पहिली मुलगी आली, वाजवलं, समेआधी खोकली. दुसरी खोकली. तिसऱ्या मुलीनं सतार मांडीवर घेतली तशी बुजुर्गांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

'प्रोफेसर साहब, आपके यहाँ खाँसी फैली है क्या?'

'जी नहीं,' मी म्हणालो आणि घसा साफ केला.

'अरे भाई, बच्चियों को ठंड लग रही है. कूलर बंद करवाइए.'

एप्रिल महिना, नागपूर आणि कूलर बंद! उरलेल्या परीक्षेत आम्ही घामानं न्हालो, खुंट्या सटासट सुटल्या, आणि पोरी तरीही खोकतच राहिल्या. बुजुर्गांनी जाताना सगळ्यांना ज्येष्ठमध चघळायला सांगितलं. मी घरी येऊन बायकोला ही गंमत सांगितली तर ती हसली नाही. म्हणाली, 'अहो, मोलकरणीच्या पोरीलाही तुमचा खोकला येतो. तुम्हालाच तेवढा ऐकू येत नव्हता.'

त्या वेळी मी ते हसण्यावारी नेलं. निर्मला नसती तर आजही नेलं असतं.

निर्मला आमच्याकडे आली ती वडिलांचं व्हायोलिन घेऊन. वडील लक्ष्मणराव गिरणीत मागावर कामाला, आणि कामावरून सुटल्यावर गाण्याच्या पार्टीत व्हायोलिनवादक. छप्पन साली दीक्षा घेतली त्याच वर्षी चार मित्रांनी मिळून काढलेली पार्टी. जयंतीला, दसऱ्याला मोहल्ल्यामोहल्ल्यात त्यांचे कार्यक्रम होत. ते व्हायोलिन कुठल्याशा बॅण्डवाल्याकडून आलेलं होतं, मान जोडलेली, पोटाला पट्टी मारलेली. पण त्या पोरीनं पहिल्याच दिवशी गज ओढला आणि गुलाबरावांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. असा हात वर्षानुवर्षांत एखादा येतो. बाकीच्यांना मी शिकवत होतो, हिला शिकवायला मला मजा यायची. आणि हीच माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी असल्यामुळे माझा खोकलाही तिनंच सगळ्यात हुबेहूब उचलला होता.

एम.ए. झाल्यावरही ती रियाजाला विभागात येत होती, आणि तेव्हाच तिनं रेडिओची परीक्षा दिली. रेडिओवर कलाकार म्हणून नाव लागायचं तर तिथे वाजवून दाखवावं लागे. उमेदवार एका खोलीत, ऐकणारे दुसऱ्या खोलीत. नाव नाही, चेहरा नाही, नुसता नंबर आणि आवाज. मला वाटलं, हिचं तर झालंच. आणि निकाल आला, नापास.

माझा एक जुना मित्र तिथे वादक होता. तो बाजारात भेटला तर हसू दाबत होता. 'अरे, नाव सांगत नाहीत खरं, पण तुझी विद्यार्थिनी आम्ही पहिल्याच समेला ओळखली. ऐकणारे बाहेरचे होते. त्यांना वाटलं, बाई आजारी आहे आणि तशीच येऊन बसली. माईकवर खोकला कसा वाजतो ठाऊक आहे का? तोफ!'

दुसऱ्या दिवशी मी निर्मलाला सांगितलं.

'कोणता खोकला, सर?' ती म्हणाली.

'वाजव.'

तिनं वाजवलं. ख्हं. सम. गुलाबराव तबल्यावर डोकं टेकून हसायला लागले. निर्मलाचा हात जागच्या जागी थांबला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिनं सांगितलं ते ऐकून आमचंही हसू गेलं. पारशिवनीच्या मामानं स्थळ आणलं होतं. मामाचं म्हणणं, 'रेडिओवाले घेत नाही म्हणते, मंग काहून पोरीचं वय घालवून राहिले?' घरात ठरलं होतं की आणखी एकदा परीक्षा द्यायची. नाही झालं तर लग्न, आणि व्हायोलिन खुंटीला.

'बाबा काही म्हणत नाही, सर,' ती म्हणाली. 'पण पार्टीतल्या सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं आहे का माझी पोरगी रेडिओवर येणार. ते आता पार्टीत जाऊनच नाही राहिले.'

झालं. खोकला काढायचा. मी म्हटलं, त्यात काय, उद्यापासून बंद. तिनं ओठ घट्ट मिटून वाजवायला घेतलं आणि सम चुकली. पुन्हा घेतलं, पुन्हा चुकली. कधी अर्धी मात्रा आधी, कधी नंतर. त्या 'ख्हं'वर पाय ठेवूनच ती समेवर उतरत होती. पायरी काढली आणि पोरगी घसरली. 'अगं, असं,' म्हणून मी माझं व्हायोलिन घेतलं, ओठ मिटले, आणि माझीही सम हुकली! गुलाबरावांनी तबला थांबवला.

'गुलाबराव, तुम्हाला काय झालं?'

'माफ करा सर, पण मी त इतके वर्षं तुमच्या खोकल्यावरच सम देऊन राहिलो होतो. खोकला नाही त मले कसं समजंल?'

तिघंही एकमेकांकडे बघत बसलो. विद्यापीठाचा संगीत विभाग, आणि समेचा पत्ता नाही!

मी सुपारी सोडली. बायको म्हणाली, 'माझ्यासाठी नाही सोडलीत, मुलांसाठी नाही सोडलीत, आता व्हायोलिनसाठी सोडली. छान.' आणि त्या दिवसापासून रोज डब्यात खडीसाखर द्यायला लागली. खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमध, सगळं झालं. घसा आरशासारखा लख्ख झाला, पण खोकला जाईना. तो घशात नव्हताच, तालात बसला होता. आणि मी खोकलो की समोर बसलेली निर्मला खोके. शेवटी मी तिला म्हणालो, 'दोन महिने माझ्यासमोर बसू नकोस. घरी रियाज कर. वडिलांना समोर बसव.'

आमच्या विद्येत गुरूनं 'समोर बसू नकोस' म्हणणं म्हणजे काय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मणराव विभागाच्या दारात उभे. डोक्यावर धुतलेली पांढरी टोपी, गिरणीतून सुट्टी काढून आलेले.

'सर, पोरीचं काही चुकलं का जी? तुमी तिले येऊ नको म्हणाले म्हणते.'

मी त्यांना आत बसवलं आणि सगळं सांगितलं. आधी त्यांना खरं वाटेना. मग हसू यायला लागलं, पण माझ्यासमोर हसावं कसं म्हणून मिशीवर हात ठेवून बसले.

'पण मी काय करू जी? मी पार्टीचा मानूस. मले राग-गिग काही येत नाही.'

'राग नको. फक्त तिच्या समोर बसा आणि खोकू नका.'

'बस, एवढंच?'

'एवढंच.'

'बिडी ओढतो जी मी.'

'ओढा, पण तिच्यासमोर खोकू नका.'

'नाही खोकत जी,' ते म्हणाले आणि नमस्कार करून गेले.

त्या माणसानं हे काम इतकं मनावर घेतलं की त्याच्या गोष्टी विभागात यायला लागल्या. संध्याकाळी पोरगी रियाजाला बसली की घरात कोणी खोकायचं नाही, ओट्यावर बसणाऱ्यांनीही नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी खाटेसकट उचलून गल्लीच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. म्हातारा तिथून ओरडे, 'अरे लक्ष्मण, झाली का तुही पोरगी रेडिओवाली? मले घरी जाऊ दे गा!'

दोन महिन्यांनी निर्मला आली, वडिलांना घेऊन. बसली, वाजवायला लागली. शेवटची मात्रा आली. मी श्वास रोखला, गुलाबरावांनी रोखला, आणि सम आली. स्वच्छ, नेमकी, न खोकता! आम्ही आनंदानं ओरडणार तेवढ्यात दुसरी सम आली आणि मला दिसलं, समेआधी तिची हनुवटी डावीकडे हलकेच उडते. पुन्हा सम, पुन्हा हनुवटी. मी लक्ष्मणरावांकडे पाहिलं. त्यांचीही हनुवटी उडत होती, त्याच मात्रेवर.

'हे काय?'

ते ओशाळले. 'ते माही सवय हाये जी. पार्टीत कोरसवाले मागं बसते न. माहे दोन्ही हात व्हायोलिनात गुतलेले, मंग त्याहिले इशारा कशानं देऊ? म्हणून हनुवटीनं देतो. हनुवटी उडाली का कोरस उचलते.' मग काळजीनं म्हणाले, 'तुमचा खोकला गेला, अन् आता हे लागलं जी तिले. चालते का?'

मी कपाळावर हात मारणार होतो, पण गुलाबराव म्हणाले, 'सर, खोकला रेडिओवर ऐकू येते. हनुवटी कुठं ऐकू येते?'

विभागात इतका शहाणा निर्णय त्याआधी कोणत्याही बैठकीत झाला नव्हता. निर्मलानं परीक्षा दिली आणि पास झाली.

तिचा पहिला कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी लक्ष्मणरावांनी मला आणि बायकोला घरी बोलावलं. टेबलावर रेडिओ, रेडिओला झेंडूचा हार. समोर लक्ष्मणराव, त्यांच्या मागे ओळीनं सगळी पार्टी, ओट्यावर मोहल्ला. पारशिवनीचा मामा सगळ्यात पुढे बसून ज्याला त्याला सांगत होता, 'भाची हाये आमची. मी पहिल्यापासून म्हणत होतो.' निवेदिकेनं नाव घेतलं आणि चिडीचूप झालं. आलाप झाला, तबल्यासोबत गत सुरू झाली, सम जवळ आली. लक्ष्मणरावांची हनुवटी डावीकडे उडाली, आणि मागे बसलेल्या कोरसवाल्यांनी सवयीनं एकदम श्वास भरला. एकाच्या तोंडातून तर 'होऽ' निघालाच! बाकीच्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. लक्ष्मणराव मागे वळले ते रागावून, पण त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

मामाचं स्थळ आपोआप मागे पडलं. पुढे निर्मलाचं लग्न झालं ते तिनं पसंत केलेल्या मुलाशी, आणि ती एका मुलींच्या महाविद्यालयात व्हायोलिन शिकवायला लागली. मी मात्र गुलाबरावांच्या सोयीसाठी खोकतच राहिलो. सुपारी तेवढी परत मिळाली नाही. त्यावर बायकोची नजर होती.

लक्ष्मणराव गेले तेव्हा मी परगावी होतो. मला उशिरा कळलं आणि फार वाईट वाटलं. ऐंशीच्या दशकात, निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना, निर्मलाच्या कॉलेजात परीक्षक म्हणून जायचा योग आला. आता कूलर माझ्यासाठी लावलेला, आणि शेजारी अंतर्गत परीक्षक म्हणून निर्मला, चष्मा लागलेली. पहिली मुलगी आली, व्हायोलिन जुळवलं, गत धरली. समेआधी तिची हनुवटी डावीकडे उडाली. दुसरी आली, हनुवटी उडाली. तिसरी, चौथी, सगळ्यांची.

एका मुलीला मी मुद्दाम विचारलं, 'हे मानेचं मॅडमनं शिकवलं का गं?'

'काय मानेचं, सर?' ती म्हणाली.

मी हसू आवरत निर्मलाकडे वळलो. मुलगी बाहेर गेली होती, दुसरी यायची होती. म्हटलं, 'माझं घराणं बुडालं बघ. लक्ष्मणरावांचं चाललं. या पोरींना ठाऊकही नसेल कोण ते.'

'नाही ठाऊक,' निर्मला म्हणाली. मग चष्मा काढून पुसत राहिली. 'सर, तुम्हाला एक कधी सांगितलं नाही. बाबांनी सांगू दिलं नाही. त्यांना गिरणीतला दमा होता. कापसाचा. रात्रंदिवस खोकायचे. ते दोन महिने माझ्यासमोर बसायचे, खोकला आला का उठून गल्लीत जायचे, त्या म्हाताऱ्याच्या खाटेवर बसून खोकायचे, अन् तोंड पुसून परत येऊन बसायचे. मला तेव्हा वाटायचं बिडी ओढायला जातात, खरं काय ते मागून आईनं सांगितलं. आई म्हणायची, एवढा जीव कशाला काढता? तर म्हणायचे, सरांनी एकच काम सांगितलं आहे, समोर बसायचं अन् खोकायचं नाही. तेवढंही नाही जमलं त मी कायचा बाप?'

 तेवढ्यात पुढची मुलगी आत आली, नमस्कार करून बसली आणि वाजवायला लागली. गोरीमोरी, घाबरलेली, पण हात चांगला होता. फेरा फिरत फिरत समेजवळ आला. तिची हनुवटी डावीकडे उडाली. मला त्या पोरीच्या जागी पांढरी टोपी दिसली, आणि नेमका शेवटच्या मात्रेवर माझ्या तोंडून निघालं, 'ख्हं.'

सम आली. मुलगी दचकली, पण चुकली नाही. निर्मलानं माझ्या हातावर हात ठेवला, आणि डोळे पुसत हळूच म्हणाली, 'सर, फक्त समोर बसा अन् खोकू नका.'